सनद हाती, दार बंद!

तालुक्याच्या गावी गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराचा समारंभ झाला. प्रमुख पाहुणे म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणचे एक नामांकित वकीलसाहेब आले होते. कायद्याची पदवी घेतलेल्या चौघा मुलांना व दोघी मुलींना नारळ देऊन झाल्यावर त्यांनी उपदेश केला की, 'वकिली हा धीराचा धंदा आहे. कोणी नकार दिला तर खचू नका. पहिली पाच वर्षे पैशाकडे पाहू नका. काम शिका, पैसा मागून आपोआप येईल.' टाळ्या झाल्या. शिष्टाचार म्हणून आम्हीही दोन वाजविल्या. पण घरी येईतो त्या टाळ्या आमच्याच हातांना झोंबू लागल्या, सबब हा लेख लिहिणे भाग पडले.

आमचा वकीलसाहेबांस पहिला प्रश्न असा की, पहिली पाच वर्षे पैशाकडे कोणी पाहू नये? ज्याच्या बापाची वकिली चालते, ज्याच्या मामाचे ऑफिस कोर्टासमोर आहे, ज्याला रात्री घरी गेल्यावर ताट वाढून मिळते, त्याने खुशाल पाहू नये. पण आमचा सांगली जिल्ह्याचा पूर्वभाग दुष्काळी. येथील बाप दसरा झाला की कोयता घेऊन कारखान्यावर जातो आणि उन्हाळ्यात परत येतो. त्याच्या मुलीने जिल्ह्याच्या गावी राहून वकिली शिकावयाची म्हटले, तर खोलीतील एका खाटेचे भाडे, खानावळ आणि एस. टी. मिळून महिना नऊ-दहा हजारांस खाली येत नाही. हे पैसे तिने कोठून आणावे? पैशाकडे न पाहण्याचे व्रत पोट भरलेल्यांनाच साधते; उपाशी माणसाला ते शिकविणे ही थट्टा आहे.

आता आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीची हकिकत ऐका. चौथीपर्यंत ती आमच्या हाताखाली शिकली. तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम पुरा केला, सनद काढली, वकिलांची अखिल भारतीय परीक्षाही उतरली. मग तिने हाताने लिहून सत्तावीस अर्ज सत्तावीस वकिलांच्या ऑफिसांत नेऊन दिले. एकोणीस ठिकाणांहून उत्तरच आले नाही. पाच ठिकाणी 'जागा नाही' असे सांगण्यात आले. तीन ठिकाणी बोलावणे आले. पहिल्या साहेबांनी विचारले, 'घरात कोणी वकील आहे काय?' दुसऱ्यांनी विचारले, 'लग्न केव्हा करणार? शिकवून तयार करायचे आणि तुम्ही निघून जायचे!' तिसऱ्यांनी तिला इंग्रजीत बोलावयास लावले, तिची त्रेधा उडाल्यावर हसले, आणि म्हणाले, 'बसायला खुर्ची देऊ, बाकी काही मिळणार नाही.' खुर्चीचे भाडे मागितले नाही, हा त्यांचा उपकारच म्हणावयाचा!

त्या दिवशी ती आमच्या शाळेच्या ओसरीवर येऊन बसली आणि म्हणाली, 'गुरुजी, मी शिकायलाच नको होते. दादा विचारतात, सनद काढलीस, मग कोर्टात उभी कधी राहणार? मी त्यांना काय सांगू?'

वाचकहो, हा प्रश्न एकट्या मुलीचा नाही. गावोगावी कायद्याचे पदवीधर आहेत आणि त्यांतील कित्येकांच्या सनदा पेटीत पडून आहेत. नकाराने माणूस खचतो तो नकाराच्या संख्येने नव्हे. 'दोष माझ्यातच आहे' हा समज मनात बसला की खचतो. हा समज बसविण्याचे काम धीराचा उपदेश करणारे लोक फार बेमालूम करीत असतात. 'तू धीर धर' याचा अर्थ 'आमच्या रीतीत काही चूक नाही' असा होतो, हे आमच्या पोरांनी ओळखले पाहिजे.

आम्ही पडलो मराठी शाळेचे मास्तर. अध्यापक विद्यालयात आम्हांस एक साधी गोष्ट शिकविली गेली. एका मुलाचे गणित चुकले तर त्याची वही घेऊन कोणती पायरी चुकली ते पाहावे. पण सबंध वर्गाचे गणित चुकले तर मास्तरने आपली शिकवणी तपासावी. तेच आम्ही त्या मुलीस सांगितले. 'पोरी, एक वही घाल. प्रत्येक नकार तारखेसह लिहून ठेव आणि पुढे कारण लिही. अर्जात मसुदा कच्चा होता, कलम चुकले, इंग्रजी अडले, अशी कारणे असतील ती तुझ्या खात्यावर मांड आणि रोज दोन तास बसून फेड. घरात वकील नाही, लग्न व्हायचे आहे, ओळख नाही, ही कारणे तुझ्या खात्यावरची नाहीत. ती ज्यांच्या खात्यावरची त्यांच्याकडे मांड. दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर लिहून घेऊन रडत बसू नकोस.' तिने वही घातली. सत्तावीसांपैकी तिच्या खात्यावर निघाले ते एक इंग्रजी!

आणि त्या इंग्रजीचेही पाहा. महाराष्ट्र सरकारच्या २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरली आहे. हायकोर्टाचे काम इंग्रजीत चालते आणि निवाडे वाचावयास इंग्रजी लागते, हे आम्हांस मान्य. ते शिकलेच पाहिजे. पण ज्या कोर्टात साक्षीदार मराठीत बोलतो आणि पक्षकार मराठीत रडतो, त्या कोर्टातील ऑफिसात उमेदवाराची परीक्षा इंग्रजी गप्पांनी घ्यावयाची, हा कोठला न्याय?

'हीच रीत आहे, पूर्वापार चालत आली आहे,' असे आम्हांस सांगतात. रीतीचा एक दाखला देतो. १९६१ च्या वकील कायद्यात सनदेची फी ठरवून दिलेली असताना निरनिराळ्या राज्यांच्या वकील परिषदा नाना नावांखाली हजारो रुपये उकळीत होत्या. गरिबाच्या पोराने कर्ज काढून ते भरले, आणि रीतच आहे म्हणून तोंडातून ब्र काढला नाही. शेवटी कोणी तरी न्यायालयात जाऊन विचारले. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, कायद्यात लिहिले आहे त्याहून अधिक, म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराकडून ७५० रुपयांहून व अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराकडून १२५ रुपयांहून अधिक फी घेता येणार नाही. अशी भरमसाट फी उपेक्षित थरांतून येणाऱ्यांच्या वाटेतील अडसर आहे, हेही न्यायालयाने सांगितले. कायद्याच्या रखवालदारांनीच कायद्याबाहेर चालविलेली ही रीत एका प्रश्नाने पडली. मग दुसऱ्या रीती काय ब्रह्मदेवाने लिहून ठेविल्या आहेत?

दुसरी रीत म्हणजे फुकट राबविण्याची. ज्युनिअरने सकाळी फायली लावाव्या, कोर्टात तारखा घ्याव्या, नकला काढाव्या, रात्री टायपिंग करावे, आणि दिवाळीला मिठाईचा पुडा घेऊन गावी जावे. 'शिकायला मिळते, हेच वेतन' असे वर ऐकावे. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय वकील परिषदेने परिपत्रक काढले की, ज्युनिअर वकिलांस शहरी भागात दरमहा निदान २०,००० रुपये आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे. वाचून आम्हांस आनंद झाला; पण पुढे वाचले तो ही नुसती शिफारस, सक्ती नाही! शिफारशीने चूल पेटत असती तर आमच्या भागात एकही घर उपाशी राहिले नसते.

यावर तिसरी गोष्ट आली. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदाच्या परीक्षेस बसण्यासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. न्यायाधीशाला कोर्टातील अनुभव असावा, याबद्दल आमचा वाद नाही. जमिनीचा वाद कधी न पाहिलेल्या पोराने जमिनीचा निकाल द्यावा, असे आम्हीही म्हणणार नाही. आमचा प्रश्न एवढाच की, या तीन वर्षांची भाकर कोणी द्यावयाची? पूर्वी खेड्यातील हुशार मूल अभ्यासाच्या बळावर परस्पर परीक्षा देऊन न्यायासनापर्यंत जाऊ शकत असे. या अटीने ती वाटही सिनियरच्या ऑफिसातून नेली. आणि त्या ऑफिसाच्या दारावर 'घरात कोणी वकील आहे काय?' हा पहारेकरी उभा!

तीन वर्षे आम्हीही काढली आहेत. २००० साली सरकारने शिक्षण सेवक योजना आणली. आम्ही प्राथमिक शाळेत लागलो तेव्हा शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षे दरमहा ३,००० रुपये मानधनावर राबलो. काम पुऱ्या शिक्षकाचे आणि दाम मजुराचे. त्याविरुद्ध आम्ही मोर्चे काढले आणि आजही त्या योजनेस आम्ही चांगले म्हणत नाही. पण त्या ३,००० रुपयांवर सरकारचा लेखी शब्द होता, आणि तीन वर्षांनी कायम होण्याची वाट ठरलेली होती. ज्युनिअर वकिलाला तेवढाही लेखी शब्द कोणी देत नाही.

हे बोलू लागले की, काही मंडळी लागलीच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण काढतात. काढा! कोलंबिया व लंडन येथील विद्यापीठांत शिकून, ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन, मित्र नवल भथेना यांच्या मदतीने सनद काढून ते १९२३ साली मुंबई हायकोर्टात उभे राहिले. त्यांस सॉलिसिटर मंडळी काम देईनात, कारण जात आडवी आली. तेव्हा त्यांनी मुफसलातील लहानसहान खटले घेतले आणि १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवून घर चालविले. त्यांनी सॉलिसिटरांचा नकार आपल्या लायकीचा निवाडा म्हणून कधी मानला नाही, हा पहिला धडा. दुसरा धडा याहून मोठा आहे. १९२६ साली पुण्याच्या जेधे-जवळकर मंडळींवरील बदनामीचा खटला अपिलात लढवून त्यांनी त्यांस सोडविले. ज्यांस मोठ्या ऑफिसांची दारे बंद होती त्यांस काम मिळाले ते गाऱ्हाणे असलेल्या आपल्याच लोकांकडून. बाबासाहेबांनी सोसले म्हणून तुम्हीही सोसा, असे सांगणारे लोक त्यांच्या चरित्राचा अर्थ उलटा लावतात. मागून येणाऱ्यास सोसावे लागू नये, यासाठी त्यांनी सोसले.

येथे आम्हांस आपल्याच घरात झाडू मारणे भाग आहे. बहुजन समाजातून वर आलेले वकील आज थोडे नाहीत. त्यांतील किती जण आपल्या ज्युनिअरला महिन्याच्या महिन्याला पगार देतात? सभेत समतेवर बोलावयाचे आणि ऑफिसात फुकट राबवून घ्यावयाचे, ही दुटप्पी वागणूक जुन्या मक्तेदारांना शोभत नव्हती, ती आपल्यांस कशी शोभेल? आणि आपले चेअरमन, संचालक, सरपंच काय करतात? सहकारी संस्था आपल्या, पतसंस्था आपल्या, दूध संघ आपले. १९६० च्या सहकार कायद्याच्या कलम १०१ खालील वसुलीची प्रकरणे आणि न वटलेल्या धनादेशांचे कलम १३८ चे खटले यांचे गठ्ठेच्या गठ्ठे या संस्थांतून निघतात. ते सारे एका-दोघा बड्या नावांकडे जातात. शंभरांतील दहा प्रकरणे गावच्या नव्या वकिलास दिली, तर संस्था बुडत नाही. पण एक घर तरते.

आमच्या मुलांसही दोन शब्द. मोठ्या शहरातील काचेच्या ऑफिसात जागा मिळाली तरच वकिली, हा भ्रम सोडा. शेतरस्ता अडविल्याची तक्रार १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारापुढे चालते; फेरफार नोंदीचे अपील प्रांताकडे जाते. या कामांत सात-बारा वाचता येणारा आणि बांध पायांनी तुडविलेला वकील लागतो, आणि तो तुम्ही आहात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गरीब आरोपींच्या बचावासाठी सहायक लोकअभिरक्षक नेमतात. त्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. चौघे-पाच जण मिळून तालुक्यात एक खोली घ्या, पुस्तके सामाईक ठेवा. आणि अर्जाला बोलावणे आले की मान खाली घालून 'काही द्या' म्हणू नका. 'महिना काय द्याल?' असे सरळ विचारा. हा प्रश्न उद्धटपणाचा मुळीच नाही. फी ठरविल्यावाचून ते स्वतः वकीलपत्रावर सही करीत नाहीत!

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचे सर्किट बेंच कोल्हापुरास बसू लागले. सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी कित्येक वर्षे लढून ते मिळविले, त्याबद्दल त्यांचे अभिनंदन. पण ज्या करवीरनगरीत शाहू छत्रपतींनी २६ जुलै १९०२ रोजी रिकाम्या होणाऱ्या शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या, ज्या दरबाराने अस्पृश्य तरुणांस वकिलीच्या सनदा दिल्या, तेथे उघडणाऱ्या नव्या ऑफिसांतील खुर्च्या पुन्हा ओळखीनेच भरावयाच्या काय? आमची मागणी थोडकी आहे. प्रत्येक वकील संघटनेने आपल्या फलकावर तीन गोष्टी लावाव्या: कोणत्या ऑफिसात ज्युनिअरची जागा रिकामी आहे, महिना काय मिळेल, आणि निवड कशी होईल. त्यास खर्च एका कागदाचा. तेवढेही ज्यांच्याने होत नाही, त्यांनी आमच्या मुलांस धीर शिकविण्याच्या फंदात पडू नये. तो त्यांना उपजतच पुष्कळ आहे.

त्या मुलीचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. अठ्ठाविसावा अर्ज तिने तालुक्यातील एका साध्या वकिलाकडे नेला आणि महिना काय द्याल, हे विचारले. त्यांनी क्षणभर तिच्याकडे पाहिले आणि 'सहा हजार देईन, जास्त झेपणार नाही,' असे प्रामाणिकपणे सांगितले. सहा हजारांत तिचे भागत नाही; ती घरून एस. टी. ने ये-जा करते आणि संध्याकाळी दोन शिकवण्या घेते. वही अजून चालू आहे. परवा ती काळा कोट घालून प्रथमच उभी राहिली. तारीखच घ्यावयाची होती. पण कारखान्यावरून बापाचा फोन आला, तेव्हा तिला उत्तर देता आले.

वकीलसाहेबांनी पुढच्या सत्काराला नारळ आणू नयेत. आपल्या ऑफिसातील एका ज्युनिअरच्या पगाराची पावती आणावी. मग आम्ही टाळ्या मनापासून वाजवू.