रिकामी खुर्ची आणि दोन पोटनिवडणुका

अमेरिकेच्या पूर्वेतिहासात पोटनिवडणुकीला तळटिपेपलीकडे जागा मिळत नाही. राष्ट्राध्यक्षपदाच्या लढतींवर ग्रंथ लिहिले जातात. प्रतिनिधिगृहातील एखादी जागा रिक्त झाली आणि भरली, एवढ्यावर तिची कथा संपते. ही उपेक्षा रास्त नाही.

राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदातील तरतूद जेमतेम एका वाक्याची आहे. जागा रिक्त झाल्यास त्या राज्याच्या कार्यकारी प्रमुखाने निवडणुकीचा आदेश काढावा, बस्स. मुदत दिलेली नाही. सिनेटच्या बाबतीत गव्हर्नरला काही प्रसंगी तात्पुरती नेमणूक करता येत असे; प्रतिनिधिगृहात नेमणुकीला थाराच नाही. १ जून १७९० रोजी व्हर्जिनियाचे थिओडोरिक ब्लँड निवर्तले. पदावर असताना मृत्यू पावलेले ते या गृहाचे पहिले सदस्य. त्यांच्या जागी निवडून आलेले विल्यम ब्रांच जाइल्स डिसेंबरात स्थानापन्न झाले. जागा सहा महिने रिकामी राहिली, पण ती भरली मतदारांनीच.

या साध्या नियमाचे खरे सामर्थ्य १८४२ मध्ये दिसले.

आदल्या वर्षी नोव्हेंबरात व्हर्जिनियाहून न्यू ऑर्लिन्सकडे निघालेल्या ‘क्रिओल’ जहाजावरील गुलामांनी उठाव करून ते ब्रिटिशांच्या ताब्यातील नॅसॉ बंदराकडे वळवले. तेथे बहुतेकांना स्वातंत्र्य लाभले. अमेरिकी सरकारने ते ‘मालमत्ता’ म्हणून परत मागितले. ओहायोचे प्रतिनिधी जोशुआ गिडिंग्ज यांनी मार्च १८४२ मध्ये ठराव मांडले : गुलामगिरी ही केवळ राज्याच्या कायद्याची निर्मिती, खुल्या समुद्रावर तो कायदा संपतो आणि माणूस आपल्या नैसर्गिक हक्कांसह पुन्हा उभा राहतो. गुलामगिरीविरोधी अर्ज चर्चेलाच न घेण्याचा नियम ज्या गृहाने केला होता, त्याला हे सोसणारे नव्हते. दुसऱ्याच दिवशी गिडिंग्ज यांच्यावर निंदाव्यंजक ठराव संमत झाला, तोही त्यांना बचावाची संधी न देता. गृहात बहुमत त्यांच्याच व्हिग पक्षाचे होते, हे विशेष.

गिडिंग्ज यांनी तत्काळ राजीनामा दिला आणि ते आपल्या मतदारसंघात परतले. एप्रिलमध्ये पोटनिवडणूक झाली. मतदारांनी त्यांना प्रचंड मताधिक्याने निवडून दिले आणि मे महिन्यात ते पुन्हा त्याच गृहात येऊन बसले. जी दंडाची भाषा गृहाने वापरली, तिला राजीनाम्याच्या वाटेने मिळालेले हे उत्तर होते. अर्ज रोखणारा तो नियमही १८४४ मध्ये रद्द झाला. त्याचे श्रेय एकट्या या पोटनिवडणुकीला देणे चूक. जॉन क्विन्सी ॲडम्स यांची अनेक वर्षांची चिकाटी विसरता येणार नाही. परंतु निंदेची भीती घालून सदस्याचे तोंड बंद करता येते, हा समज त्या वसंत ऋतूत ढासळला, हे नाकारता येत नाही.

येथेच थांबले, तर कथा फार सोयीची होते.

२२ मे १८५६ रोजी दक्षिण कॅरोलायनाचे प्रतिनिधी प्रेस्टन ब्रूक्स यांनी गुलामगिरीविरोधी सिनेटर चार्ल्स समनर यांना सिनेटच्या सभागृहातच काठीने रक्तबंबाळ केले. ब्रूक्स यांच्या हकालपट्टीच्या ठरावाला बहुमत मिळाले, आवश्यक दोन-तृतीयांश मते मात्र मिळाली नाहीत. त्यांनी जुलैत राजीनामा दिला आणि त्याच महिन्यातील पोटनिवडणुकीत ते पुन्हा निवडून आले. वाट तीच, नियम तोच. फरक मतदारसंघाचा. १८५० च्या जनगणनेनुसार दक्षिण कॅरोलायनातील निम्म्याहून अधिक लोक गुलाम होते. पाचातील तीन या प्रमाणात त्यांची गणना होऊन राज्याच्या जागा वाढत. त्या जागा भरताना त्यांचे मत कोणी विचारत नसे. म्हणून ब्रूक्स यांच्या विजयाला ‘जनतेचा कौल’ म्हणणारे इतिहासकार तो शब्द फारच सैलपणे वापरतात. ओहायोतही मताधिकार गोऱ्या पुरुषांपुरताच होता, हेही त्याच काटेकोरपणे सांगितले पाहिजे.

ब्रूक्स जानेवारी १८५७ मध्ये वारले आणि ती जागा पुन्हा रिक्त झाली. त्याच महिन्यात मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने अद्याप पुरते न सावरलेल्या समनर यांना सिनेटवर पुन्हा निवडले. कामावर नियमित रुजू होण्यास त्यांना १८५९ चा डिसेंबर उजाडला. तोवर त्यांच्या जागी दुसऱ्या कोणालाही पाठवले गेले नाही.