छायाचित्रांचे बिऱ्हाड कोणाच्या घरी?

दिवाळी सरली, तुळशीचे लग्न लागले की महाराष्ट्रात लग्नसराईला प्रारंभ होतो आणि व्यावसायिक छायाचित्रकारांच्या हार्ड डिस्क भरू लागतात. अलीकडच्या कॅमेऱ्याने 'रॉ' स्वरूपात टिपलेले एक चित्र सहज २५ मेगाबाइटचे असते. हळदीपासून स्वागतसमारंभापर्यंत दोघांनी मिळून चार हजार चित्रे टिपली, तर एकाच लग्नाचे १०० गिगाबाइट होतात. हा सारा ऐवज ठेवायचा कोठे, या प्रश्नाला महाजालावरील छायाचित्र-संग्रह सेवा हे उत्तर गेली वीस-बावीस वर्षे दिले जात आहे. मात्र अशी सेवा निवडताना पहिली चौकशी होते ती फुकट जागा किती मिळते याची. या व्यवसायाचा इतिहास पाहिला तर ती चौकशी सर्वांत शेवटी करावयास हवी. सेवा चालवण्याचा खर्च नेमका कोण उचलतो आणि उद्या तेथून उठण्याची वेळ आली तर आपली चित्रे जशीच्या तशी परत नेता येतील काय, हे आधी पाहावे लागते.

२००८ च्या ऑक्टोबर महिन्यातील एक घटना या संदर्भात आठवावी अशी आहे. न्यूयॉर्कमधील 'डिजिटल रेलरोड' ही सेवा वृत्तछायाचित्रकारांमध्ये प्रतिष्ठित मानली जाई. तेथे चित्रे ठेवता येत, ग्राहकांना दाखवता येत आणि तेथूनच विकताही येत. छायाचित्रकार तिचे मासिक शुल्क भरत. अर्थसंकटाच्या त्या दिवसांत कंपनीला नवे भांडवल मिळेना आणि २८ ऑक्टोबरला तिने कामकाज थांबवले. चित्रे उतरवून घेण्यासाठी सभासदांना मुदत देण्यात आली ती अवघी २४ तासांची. साऱ्यांनी एकाच वेळी धाव घेतल्यावर सर्व्हरचे जे व्हायचे तेच झाले. आणि वर सांगितलेला हिशेब येथे लावून पाहावा. एका लग्नाचे १०० गिगाबाइट सेकंदाला २० मेगाबिटच्या जोडणीवरून हलवायचे म्हटले, तरी अखंड अकरा तास लागतात. वर्षानुवर्षांचा संग्रह चोवीस तासांत बाहेर काढणे कोणालाही शक्य नव्हते. ज्यांच्या घरी मूळ चित्रांची दुसरी प्रत होती ते वाचले.

इतकी क्रूर मुदत क्वचितच दिली जाते, हे खरे. पण बिऱ्हाड हलवण्याची पाळी अनेकदा आली आहे. 'याहू फोटोज' २००७ मध्ये बंद झाले. कोडॅक कंपनीने २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच वर्षीच्या जुलैत 'कोडॅक गॅलरी'ला टाळे लागले. तेथील ग्राहकांची चित्रे 'शटरफ्लाय'कडे सोपवण्यात आली. शतकभर छायाचित्रणाशी एकरूप झालेल्या नावाची ही गत. गुगलने २०१६ मध्ये 'पिकासा' आणि 'पॅनोरॅमिओ' या दोन्ही सेवा गुंडाळल्या, आणि गुगल काही बुडत नव्हती. म्हणजे सेवा बंद पडण्यासाठी मालक कंगाल व्हावा लागतो असे नाही. त्याचे लक्ष दुसरीकडे वळले तरी पुरे.

बंद न पडताही घरमालक अटी बदलतो, हा अनुभव तर अधिक सार्वत्रिक आहे. 'फ्लिकर'चे उदाहरण बोलके आहे. २००४ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे सुरू झालेली ही सेवा पुढच्याच वर्षी याहूने विकत घेतली. २०१३ च्या मे महिन्यात याहूने प्रत्येक खातेदाराला एक टेराबाइट, म्हणजे सुमारे हजार गिगाबाइट जागा फुकट देऊ केली. तेव्हा ही उदारता डोळे दिपवणारी वाटली. तिचे बिल जाहिरातींतून निघेल असे गृहीत धरलेले होते. पुढे याहूच व्हेरायझनच्या ताब्यात गेली, आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये 'स्मगमग'ने फ्लिकर घेतले. नव्या मालकाने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात विनाशुल्क खात्यांना एक हजार चित्रांची मर्यादा घातली आणि २०१९ मध्ये त्यावरची चित्रे पुसण्यात येतील असे कळवले. इतके करूनही २०१९ च्या डिसेंबरात स्मगमगच्या प्रमुखाला, फ्लिकर तोट्यात आहे, सशुल्क सभासद व्हा, असे आवाहन जाहीरपणे करावे लागले. २०२२ मध्ये विनाशुल्क खात्यांवर खासगी चित्रांची मर्यादा पन्नासावर आली. २०२५ च्या मे महिन्यापासून मूळ व मोठ्या आकाराची चित्रे उतरवून घेण्यावरही निर्बंध आले.

गुगलने २०१५ मध्ये 'गुगल फोटोज' सुरू करताना दाबून लहान केलेली चित्रे अमर्याद ठेवू दिली आणि १ जून २०२१ पासून नवी चित्रे १५ गिगाबाइटच्या सामायिक हिशेबात धरली. 'फोटोबकेट'ने तर कमालच केली. लक्षावधी लोक तेथे चित्रे ठेवून ती अन्य संकेतस्थळांवर दाखवत असत. २०१७ च्या उन्हाळ्यात त्या सोयीसाठी वर्षाला ३९९.९९ डॉलर असा दर एकाएकी लागू झाला, आणि पैसे न भरणाऱ्यांची चित्रे जगभरच्या संकेतस्थळांवरून नाहीशी होऊन त्यांच्या जागी पैसे भरण्याची सूचना झळकू लागली. पुढे कंपनीने नमते घेतले. पण तोवर विक्रेत्यांची, छंदिष्टांची, जुन्या माहितीपर लेखांची व्हायची ती हानी झाली.

या कंपन्यांवर लबाडीचा आरोप करून भागणार नाही. चित्र साठवण्याचा खर्च एकदाच होत नाही. डिस्क, वीज, सर्व्हर, राखणदारी यांचे पैसे दरवर्षी लागतात आणि चित्रांचा ढीग तर केवळ वाढत जातो. फुकट खातेदार जितका जुना, तितका तो महाग. तेव्हा तो खर्च जाहिरातदाराने, भांडवल गुंतवणाऱ्याने किंवा खातेदाराने, कोणी ना कोणी उचलावाच लागतो. फ्लिकर विकत घेणाऱ्या स्मगमगची गोष्ट म्हणूनच लक्षणीय आहे. २००२ मध्ये कॅलिफोर्नियातील मॅकअॅस्किल पितापुत्रांनी सुरू केलेल्या या सेवेने काही दिवसांची चाचणी सोडली तर फुकट काही देऊच केले नाही. तेव्हा ते वेडेपणाचे वाटले असेल. सोळा वर्षांनी याच छोट्या सशुल्क सेवेने एका फुकट महासत्तेला आपल्या छपराखाली घेतले. अर्थात पैसे भरले म्हणजे निर्धास्त झालो, असेही नव्हे. डिजिटल रेलरोडचे सभासद पैसे भरतच होते. शुल्काने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही.

निवडीतील गोंधळाचे आणखी एक कारण असे की, आपण चार निरनिराळी कामे एकाच सेवेकडून अपेक्षितो. आपले काम जगाला दाखवणे, ग्राहकाला चित्रे पोहोचवणे, त्यांची विक्री करणे आणि मूळ चित्रे जपून ठेवणे. दाखवण्यासाठी लहान आकाराचे चित्र पुरते, किंबहुना तेच द्यावे. पोहोचवण्यासाठी परवलीच्या शब्दाने बंद केलेले दालन हवे आणि ते तीन-चार महिने टिकले तरी चालते. जपण्यासाठी मात्र मूळ बाइट बदलता कामा नये. फेसबुकवर चढवलेले चित्र लांबीकडून २०४८ बिंदूंपर्यंत आखडते. गुगल फोटोजच्या काटकसरीच्या पर्यायात मोठे चित्र १६ मेगापिक्सेलवर येते. मोबाइलच्या पडद्यावर फरक दिसत नाही, म्हणून कोणी तक्रार करत नाही. तेच चित्र दोन फूट रुंदीच्या कागदावर छापायची वेळ येते तेव्हा घोटाळा उघड होतो, आणि तोवर मूळ प्रत पुसलेली असते. अनेक सेवा 'रॉ' चित्रे स्वीकारतच नाहीत, केवळ जेपीईजी घेतात. अशा सेवेला संग्रह म्हणणे म्हणजे प्रदर्शनाच्या भिंतीला तिजोरी म्हणण्यासारखे आहे.

मालकी हक्काचा प्रश्न याहून नाजूक आहे. हैतीचे छायाचित्रकार दानिएल मोरेल यांनी २०१० च्या जानेवारीत तेथील भीषण भूकंपाची चित्रे 'ट्विटपिक' सेवेवर चढवली. ती दुसऱ्या एका इसमाने आपल्या नावाने पुन्हा टाकली, तेथून ती 'एएफपी' या वृत्तसंस्थेने उचलली आणि 'गेटी इमेजेस'मार्फत जगभर गेली. सेवेच्या शर्तींनीच आम्हाला हा परवाना मिळतो, असा बचाव वृत्तसंस्थेने अमेरिकेतील न्यायालयात केला. तो २०१३ मध्ये फेटाळला गेला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ज्युरीने मोरेल यांना १२ लाख डॉलरची भरपाई देवविली. निकाल छायाचित्रकाराच्या बाजूने लागला खरा, पण त्यासाठी जवळजवळ चार वर्षे लढावे लागले. आणि ज्या ट्विटपिकवर हे सारे घडले, ती सेवा २०१४ मध्ये बंदही झाली.

शर्तींमध्ये चित्र दाखवण्यापुरता परवाना सर्वच सेवा मागतात. त्यावाचून त्यांना चित्र पडद्यावर आणताच येणार नाही. पाहायचे ते हे की, तो परवाना सेवा चालवण्यापुरताच आहे की पुढे तिसऱ्याला देण्याची मुभाही त्यात दडलेली आहे, आणि खाते बंद केल्यावर तो संपतो काय. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आगमनाने या बारीक अक्षरांना नवे मोल आले आहे. २०१९ च्या जानेवारीत 'आयबीएम'ने चेहरे ओळखण्याच्या संशोधनासाठी सुमारे दहा लाख चित्रांचा संच जाहीर केला. ती चित्रे फ्लिकरवर 'क्रिएटिव्ह कॉमन्स' या मुक्त परवान्याखाली ठेवलेली होती. अनेक छायाचित्रकारांना याचा पत्ता वृत्तपत्रीय शोधानंतर लागला. परवाना त्यांनीच दिलेला होता आणि असा परवाना एकदा दिला की परत घेता येत नाही. मात्र तो देताना असा उपयोग त्यांच्या स्वप्नातही नव्हता. वर ज्या फोटोबकेटचा उल्लेख आला, तिच्या प्रमुखाने २०२४ च्या एप्रिलमध्ये सांगितले की, सेवेकडील १३ अब्ज छायाचित्रे व चित्रफिती कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी देण्याच्या वाटाघाटी चालू आहेत. विस्मरणात गेलेल्या खात्यांनाही बाजारभाव येतो तो असा.

आपल्याकडील छायाचित्रकारांनी या संदर्भात भारतीय कायद्याकडेही डोळसपणे पाहावयास हवे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र टिपणारा हा त्याचा कर्ता असतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याच कायद्याचे कलम १७ काय सांगते, हे मात्र फारसे कोणी वाचत नाही. मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून टिपलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, विरुद्ध करार नसल्यास, ते काम सांगणारी व्यक्ती ठरते. म्हणजे लग्नाची चित्रे ही लेखी करार नसेल तर यजमानांच्या मालकीची. मग ती आपल्या नावाच्या संकेतस्थळावर जाहिरात म्हणून झळकवणे, विक्रीस ठेवणे किंवा मुक्त परवान्याखाली खुली करणे, यांतले काहीही परस्पर करण्याचा अधिकार छायाचित्रकाराला उरत नाही. सेवेच्या शर्ती मान्य करताना 'या चित्रांचे सर्व हक्क माझ्याकडे आहेत' असे आपण एका टिचकीसरशी लिहून देतो, ते विधानच खोटे ठरते. बयाणा घेतानाच्या कागदावर या संबंधीच्या दोन ओळी घालण्यास काही खर्च येत नाही. पुढे वाद झालाच, तर अनेक परदेशी सेवांच्या करारात तो अमेरिकेतील न्यायालयापुढे किंवा लवादापुढे नेण्याची अट असते. नाशिक-कोल्हापूरच्या स्टुडिओवाल्याला ती वाट जवळजवळ बंदच आहे.

मग निवडावे काय? एका नावाची शिफारस करणे सोपे आहे, पण ती शिफारस किती काळ खरी राहील याची शाश्वती देता येत नाही. '५००पीएक्स' ही टोरांटोची सेवा एकेकाळी गंभीर छायाचित्रकारांची लाडकी होती. २०१८ च्या फेब्रुवारीत ती 'व्हिज्युअल चायना ग्रुप'कडे गेली आणि जूनअखेर तिने आपला विक्रीचा बाजार व मुक्त परवान्याची सोय, दोन्ही बंद केले. तेव्हा निवड अशी करावी की, ती चुकली तरी नुकसान सोसवेल. प्रदर्शनासाठी सशुल्क सेवा घ्यावी आणि तिला स्वतःच्या मालकीचा संकेतस्थळ-पत्ता जोडावा. उद्या सेवा बदलली तरी ग्राहकाच्या हाती दिलेल्या कार्डावरचा पत्ता तोच राहतो. मूळ चित्रांच्या दोन प्रती आपल्या ताब्यातील डिस्कवर, त्यांतली एक दुसऱ्या वास्तूत, आणि तिसरी दूरच्या सर्व्हरवर, अशी विभागणी परवडणारी आहे. पहिल्या दोन प्रतींना फाटा देऊन केवळ तिसरीवर विसंबण्याचा मोह होतो. २०२० च्या उन्हाळ्यात कॅनन या खुद्द कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीच्या साठवण सेवेतून त्या वर्षीच्या १६ जूनपूर्वीची अनेकांची मूळ चित्रे नाहीशी झाली. उरल्या त्या केवळ नखाएवढ्या प्रतिमा.

पैसे भरण्याआधी एक छोटी परीक्षा अवश्य घ्यावी. चाचणीच्या काळात दोनशे चित्रे चढवावीत, त्यांना मथळे द्यावेत, तीन-चार दालनांत लावावीत आणि लगेच सारी परत मागावीत. ती एका खेपेत मिळतात की एकेक उचलावी लागतात, प्रत्येकाचा आकार बाइटगणिक पूर्वीइतकाच आहे काय, मथळे आणि चित्राच्या पोटात नोंदवलेले कर्त्याचे नाव व तारीख शाबूत आहेत काय, दालनांची रचना टिकली की सारी चित्रे एकाच ढिगात आली, हे ताडून पाहावे. काही सेवांच्या जाहिरातीत चित्रे चढवण्याच्या सुलभतेवर पानभर मजकूर असतो आणि ती परत नेण्याविषयी मदतकक्षाला पत्र लिहावे लागते. त्या पत्राला उत्तर येण्यास किती दिवस लागले, तेही नोंदवून ठेवावे.