कॅनडाला पहिल्यांदा निघालात? बॅग नंतर भरा, आधी फाइल भरा

मार्च-एप्रिल आला की ओपीडीत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "डॉक्टर, पुढच्या आठवड्यात मुलाकडे कॅनडाला चाललोय. सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून द्या." वाशी, नेरुळ, सीवूड्स, खारघर, कुठल्याही सोसायटीत विचारा. एखादा मुलगा टोरांटोजवळ, एखादी मुलगी कॅलगरीला असतेच. तिकीट चार महिने आधी काढलेलं असतं. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला वजन करून भरलेला असतो. स्वेटर, कानटोपी, थर्मल सगळं तयार असतं. डॉक्टरांची आठवण मात्र शेवटच्या आठवड्यात होते.

माझं मत स्पष्ट आहे. साठीनंतरच्या पहिल्या कॅनडा प्रवासाचं नियोजन तिकिटापासून नव्हे, तब्येतीपासून सुरू व्हायला हवं, आणि तेही किमान चार, शक्यतो सहा महिने आधी. यामागे वैद्यकीय कारणं तर आहेतच, पण पैशाचंही एक मोठं कारण आहे आणि ते बहुतेकांना माहीत नसतं.

"तिथे तर सगळं फुकट असतं ना?"

हा पहिला गैरसमज. कॅनडातली सरकारी आरोग्यसेवा प्रांतांमार्फत चालते आणि ती तिथल्या पात्र रहिवाशांसाठी असते. पाहुणा म्हणून गेलेल्या आईवडिलांना ती लागू होत नाही. मुलगा तिथला नागरिक असला तरीही नाही. विमा नसेल तर रुग्णालयाचं बिल तुमचं, आणि ते दिवसाला हजारो डॉलर होऊ शकतं.

आईवडिलांसाठी तिथे 'सुपर व्हिसा' आहे. जुलै २०२२ पासून या व्हिसावर एका खेपेस पाच वर्षांपर्यंत राहता येतं. त्यासाठी वैद्यकीय तपासणी आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, किमान एक वर्षाचा आरोग्य विमा सक्तीचा आहे. साध्या व्हिजिटर व्हिसावर साधारण सहा महिने राहता येतं आणि तिथे विम्याची सक्ती नाही. म्हणून अनेक जण विमा टाळतात. "आमच्या ओळखीचे दोनदा जाऊन आले, काही झालं नाही," असं सांगतात. काही झालं नाही हे त्यांचं नशीब, ते नियोजन नव्हे. व्हिसा विमा मागत नसला तरी तुमचं वय आणि तुमची बायपास, शुगर, बीपी तो मागतातच. व्हिसाचे नियम बदलत असतात, त्यामुळे अर्ज करताना सरकारी संकेतस्थळ पाहूनच खात्री करा.

विम्यातला सर्वांत महत्त्वाचा शब्द: 'स्थिर'

प्रवास विमा मुख्यतः अचानक उद्भवलेल्या आजारासाठी असतो. आधीपासून असलेल्या आजारांसाठी बऱ्याच पॉलिसींमध्ये एक अट असते. विमा सुरू होण्यापूर्वी ठरावीक काळ तो आजार 'स्थिर' असला पाहिजे. हा काळ पॉलिसीनुसार आणि वयानुसार बदलतो. बऱ्याचदा तो ९० किंवा १८० दिवस असतो. काही पॉलिसी जुने आजार अजिबात धरत नाहीत.

आणि 'स्थिर' म्हणजे नुसतं "बरं वाटतंय" नव्हे. त्या काळात नवीन औषध सुरू झालेलं नको, डोस वाढलेला किंवा कमी झालेला नको, नवीन लक्षण नको, एखादी तपासणी करायची राहिलेली नको, असा त्याचा साधारण अर्थ असतो.

आता विचार करा. निघायच्या आठ दिवस आधी तुम्ही आलात. बीपी १७० निघालं. मी गोळी वाढवली. वैद्यकीयदृष्ट्या ते योग्यच आहे. पण तिकडे गेल्यावर बीपीशी किंवा हृदयाशी संबंधित काही झालं, तर विमा कंपनी याच बदलाकडे बोट दाखवून दावा नाकारू शकते. हाच बदल सहा महिने आधी झाला असता तर दोन्ही प्रश्न सुटले असते. बीपी आटोक्यात आलं असतं आणि विम्याची अटही पाळली गेली असती.

यावर काही रुग्ण सुचवतात, "मग आत्ता गोळी बदलू नका" किंवा "फाइलमध्ये लिहू नका." दोन्हीला माझं उत्तर नाही असं आहे. गरज असेल तर औषध बदलायलाच हवं. पुढे ढकलायची तर ती प्रवासाची तारीख, उपचार नव्हे. आणि लपवाछपवी तर अजिबात नको. दावा आला की कंपनी भारतातले जुने कागद मागते. अर्जात 'डायबिटीस नाही' लिहिलेलं असेल आणि कागदांत दहा वर्षांची मेटफॉर्मिन सापडली, तर भरलेला हप्ताही वाया जातो आणि बिल मुलाच्या डोक्यावर बसतं.

कोणतं शहर आणि कोणता महिना?

कॅनडा म्हणजे एकच हवामान नव्हे. जानेवारीत टोरांटोचं सरासरी तापमान शून्याखाली चारेक अंश असतं, विनिपेगचं उणे सोळाच्या आसपास. व्हँकुव्हरला मात्र ते शून्याच्या वर असतं, तिथे बर्फापेक्षा पाऊस जास्त. कॅलगरी समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून थोडं उंच आहे. त्या उंचीची भीती नको, आपलं महाबळेश्वर त्याहून उंच आहे. पण हवा कोरडी असते. नाकातून रक्त येणं, त्वचेला भेगा पडणं या तक्रारी होतात.

ज्यांनी आयुष्यभर खाडीकाठची दमट हवा घेतली, त्यांनी पहिल्याच खेपेला हिवाळा निवडू नये, असं माझं मत आहे. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, बीपी वाढतं, अँजायनाचा त्रास असलेल्यांना छातीत दुखू शकतं. त्याहून मोठा धोका घसरून पडण्याचा. फुटपाथवरचा पातळ बर्फ दिसतही नाही. साठी ओलांडलेल्या, हाडं ठिसूळ झालेल्या बाईचा खुबा मोडायला एवढं पुरतं.

म्हणून पहिली भेट मेच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत ठेवा आणि तीन महिन्यांपेक्षा लांबवू नका. दमा किंवा सीओपीडी असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. उन्हाळ्यात तिथे जंगलांना वणवे लागतात. २०२३ मध्ये त्यांचा धूर टोरांटोपर्यंत आला होता. इनहेलर जवळ हवाच, आणि धुराच्या दिवशी खिडक्या बंद ठेवून घरातच राहायचं.

गोळ्यांचा हिशोब

तीन महिने म्हणण्याचं आणखी एक कारण आहे. कॅनडाच्या नियमांनुसार पाहुण्याला स्वतःपुरता जास्तीत जास्त ९० दिवसांचा किंवा उपचाराचा एक कोर्स, यातला जो कमी असेल तेवढाच औषधसाठा सोबत नेता येतो. सहा महिन्यांच्या गोळ्या डब्यात ओतून नेणं हे नियमातही बसत नाही आणि शहाणपणातही. औषधं मूळ पाकिटातच न्या, सोबत प्रिस्क्रिप्शन ठेवा. झोपेच्या गोळ्या, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं, कोडीन असलेली खोकल्याची औषधं यांचे नियम अधिक कडक आहेत. ती खरोखर लागतात का, हे आधी डॉक्टरांना विचारा.

आपल्या सेक्टरमधला केमिस्ट ओळखीवर पत्ता काढून देतो. तिथे हे होत नाही. मुक्काम लांबलाच तर वॉक-इन क्लिनिकमध्ये डॉक्टरांना दाखवून चिठ्ठी घ्यावी लागेल. त्या डॉक्टरांना आपली ब्रँडची नावं कळणार नाहीत, म्हणून औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहून घ्या. आपल्याकडची काही औषधं, उदाहरणार्थ टेनेलिग्लिप्टिन किंवा निमेसुलाइड, तिथे विकलीच जात नाहीत. आपल्या पॅरासिटामॉलला तिथे अॅसिटामिनोफेन म्हणतात. दोन वेगळी औषधं समजून दोन्ही घेतलीत तर डोस दुप्पट होईल.

शुगरच्या आकड्यांचंही तसंच. तिथे रक्तातली साखर मिलिमोलमध्ये मोजतात. आपल्या आकड्याला १८ ने भागलं की तिथला आकडा मिळतो. आपले ७० म्हणजे तिथले ३.९, १२६ म्हणजे ७ आणि १८० म्हणजे १०. मुलाच्या मित्राच्या ग्लुकोमीटरवर ७ दिसले म्हणून शुगर कमी झाली समजून साखर खाऊ नका! सोपा उपाय म्हणजे आपलं मशीन आणि पट्ट्या इथूनच न्या. नेब्युलायझर नेणार असाल तर त्यावर १००–२४० व्होल्ट लिहिलंय का पाहा, कारण तिथली वीज १२० व्होल्टची असते.

विमानातले तास

घरापासून घरापर्यंत प्रवास वीस-बावीस तासांचा होतो. इतका वेळ पाय लोंबकळत बसल्याने पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. दर तासा-दीड तासाला उठून चाला, बसल्या जागी घोटे वर-खाली हलवा, पाणी पीत राहा. झोपेची गोळी घेऊन एकाच स्थितीत सात तास पडून राहू नका. पूर्वी गुठळी झाली असेल, नुकतंच ऑपरेशन किंवा कॅन्सरचा उपचार झाला असेल, तर खास मोजे किंवा औषध लागेल का, ते डॉक्टर ठरवतील. मनाने अॅस्पिरिन सुरू करू नका.

इन्सुलिन नेहमी हातातल्या बॅगेत ठेवा. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. जेवणाआधीचं इन्सुलिन ताट समोर आल्यावरच घ्या. टोरांटो उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, म्हणजे तुमचा तो दिवस साडेनऊ तासांनी लांबतो. त्या दिवशी कोणता डोस कधी घ्यायचा, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

पोचल्यावरचं घर

मुलांनो, हा भाग तुमच्यासाठी. आईबाबा येण्याआधी बाथरूम पाहा. तिथल्या बऱ्याच घरांत आंघोळीच्या टबची कड ओलांडून आत जावं लागतं. बादली-तांब्याच्या सवयीच्या माणसाला ओल्या टबात पाय टाकणं धोक्याचं असतं. आत रबरी मॅट आणि भिंतीला पकडायला दांडा आधीच बसवा. त्यांना बेसमेंटची खोली देणार असाल तर जिन्याला कठडा आणि रात्रीचा दिवा हवा.

आणि एकटेपणा. नेरुळला सकाळी 'ज्वेल ऑफ नवी मुंबई'ला फेरी मारून, भाजी घेऊन, चार माणसांशी बोलून घरी येणारा माणूस मिसिसागाच्या उपनगरात दिवसभर चार भिंतींत बसतो. गाडी चालवता येत नाही, मुलं कामावर. तिसऱ्या आठवड्यात झोप उडते, भूक मरते, शुगर चढते. याला 'घराची आठवण' म्हणून हसण्यावारी नेऊ नका. पहिल्याच आठवड्यात त्यांना बसने एकट्याने कुठे जाता येईल ते शिकवा. गारठ्यात 'स्क्वेअर वन'सारख्या मॉलमध्ये फेऱ्या मारता येतात. टोरांटोत मराठी भाषिक मंडळ आहे, त्यांच्या कार्यक्रमांना घेऊन जा.

बाळंतपणासाठी जाणाऱ्या आईबद्दल

पहिली कॅनडावारी अनेकदा मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी असते. तारीख बाळ ठरवतं, त्यामुळे हिवाळाही टळत नाही. अशा वेळी सगळं घर बाळंतिणीच्या तब्येतीकडे पाहतं, पण बासष्ट वर्षांची, गुडघे दुखणारी आजी रात्री तीनदा उठते, दिवसभर स्वयंपाक करते आणि स्वतःची बीपीची गोळी विसरते. माझं आग्रहाचं सांगणं आहे की तिची तपासणीही तितक्याच गांभीर्याने करा. हाडांची घनता, हिमोग्लोबिन, थायरॉइड पाहून घ्या. फ्लूची लस, आणि नवजात बाळाजवळ राहायचं असल्याने डांग्या खोकल्याविरुद्धची टीडॅप लस डॉक्टरांना विचारून घ्या. आजीला मदतीला बोलावलंय, कामाला नव्हे, हे घरात सर्वांनी लक्षात ठेवावं.

थोडक्यात वेळापत्रक

* सहा ते चार महिने आधी: पूर्ण तपासणी, गरज असल्यास औषधांत बदल, दात आणि डोळे. मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलं असेल तर आधी ते.
* दोन-तीन महिने आधी: विमा. 'स्थिर'ची व्याख्या, आपल्या खिशातून भरायची रक्कम आणि दावा करताना फोन करायचा नंबर वाचून घ्या.
* एक महिना आधी: लसी, औषधांची यादी, शेवटचा ईसीजी आणि रिपोर्ट यांची फाइल. तिचे फोटो मुलाच्या मोबाइलवरही.
* पोचल्यावर पहिल्या दोन दिवसांत: जवळचं इमर्जन्सी असलेलं रुग्णालय, वॉक-इन क्लिनिक आणि फार्मसी पाहून ठेवा. तातडीसाठी ९११, सल्ल्यासाठी बऱ्याच प्रांतांत ८११. घराचा पत्ता फोनजवळ मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, हातपाय लुळे पडणं, धाप लागणं यापैकी काही झालं तर मुलाच्या ऑफिस सुटण्याची वाट पाहू नका. "त्याला कशाला त्रास" किंवा "बिल किती येईल" हा विचार नंतर. आधी ९११.

विमा, फाइल आणि तपासणी वेळेवर झाली असेल, तर हा फोन लावताना तुमचा हात थरथरणार नाही. तुमच्या आजारांनुसार वरच्या सल्ल्यात फरक पडू शकतो, म्हणून निघण्याचं ठरलं की आधी आपल्या डॉक्टरांची वेळ घ्या. तिकीट त्यानंतर काढा.