सावडीचे सोयरे

भाताच्या आवणीच्या दिवसांत भंडारदऱ्याजवळच्या घाटघर-रतनवाडीकडं गेलात, तर खाचरात गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायांपैकी घरची कोण आणि सोयऱ्यांकडची कोण, हे कळत नाही. राबातलं रोप उपटलं की ते लगेच लावावं लागतं. एका घराचे हात पुरत नाहीत. म्हणून सावड. आज आमच्या खाचरात, उद्या तुमच्या. इथल्या महादेव कोळी आदिवासींत एका कुळात लग्न होत नाही, त्यामुळं सोयरीक दुसऱ्या कुळाशी जुळते आणि तिच्याबरोबर आवणीला हातही जोडले जातात. मादागास्करच्या पठारावरचे मेरिना लोकही भातकरीच. पण वडिलोपार्जित खाचरं बाहेर जाऊ नयेत म्हणून ते सोयरीक शक्यतो आपल्याच गोतात करतात. पीक तेच, नियम उलटा! तेव्हा नुसत्या पिकावरून नाती ठरतात, असं मी म्हणणार नाही. जमीन कुणाच्या हाती राहणार, ही काळजीही त्यात असते. आपल्याकडं ही जमीन धरणानंही हिरावली. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं. पाण्याखाली जमीन गेली, एवढंच आपण बोलतो. बांधाला बांध लागून पिढ्यान्‌पिढ्या सावड चालली, ते शेजारही त्या पाण्यात गेले, याचं मला जास्त वाईट वाटतं.