घरी येते, पेपरात आठवत नाही

आर. के. पुरमच्या सेक्टरांमध्ये केंद्र सरकारी नोकरदारांची वस्ती दाट आहे. बदलीवर दिल्लीला आलेली मराठी कुटुंबेही त्यांत आहेत. परिसरात १९७२ पासूनचे दिल्ली पब्लिक स्कूल आहे आणि थोडे पुढे गेले की जिया सराय, कालू सरायचे कोचिंग क्लास. फेब्रुवारी उजाडला की अशा घरांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो : “घरी तर सगळे येत होते ना रे तुला?” मुलगा काय उत्तर देणार? त्याला खरेच येत होते.

चिंताविकाराचा पहिला घाव पाठांतरावर नाही, लक्षावर पडतो. वाचलेली अट ध्यानात धरून पुढची पायरी सोडवायची, हे काम ‘कार्यस्मृती’ करते. तिचा ओटा मुळातच लहान. त्यावर ‘नापास झालो तर’ची भांडी पसरली की गणिताला जागा उरत नाही. २०१६ मध्ये १७७ नमुनागटांतील २२ हजारांहून अधिक व्यक्तींच्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा चिंता जास्त असणाऱ्यांची कार्यस्मृती सरासरीने कमी भरल्याचे दिसले. फरक मध्यम आहे, पण तीन तासांच्या पेपरात तेवढाही जाणवतो. दीर्घकालीन स्मृतीबाबतचे निष्कर्ष मात्र इतके एकमुखी नाहीत. म्हणून ‘चिंतेने स्मरणशक्ती जाते’ असे सरसकट म्हणणे चूक ठरेल.

साठवलेले बाहेर काढणे हा वेगळा टप्पा. झुरिचच्या संशोधकांनी २००० मध्ये निरोगी प्रौढांना आदल्या दिवशी शब्द पाठ करायला लावले. आठवण्याच्या तासभर आधी ज्यांना कॉर्टिसोन दिले, त्यांना कमी शब्द आठवले. तेच औषध पाठांतराच्या वेळी दिले तर फरक पडला नाही. शब्द डोक्यात होतेच, वाट अडली होती. ताणात शरीर याच जातीचे संप्रेरक स्वतः तयार करते. शिवाय विचारांना लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडतच असतो, त्यामुळे किशोरवयात ही ओढाताण अधिक.

इथे एक भेद पाळावा लागतो. एनसीईआरटीच्या २०२२ च्या पाहणीत ८१ टक्के विद्यार्थ्यांनी अभ्यास, परीक्षा व निकाल हे चिंतेचे कारण सांगितले. ते सगळे काही रुग्ण नाहीत. पेपरापूर्वीची धडधड कुणाला चुकली आहे? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात सर्व मानसिक विकार मिळून प्रमाण ७.३ टक्के होते. सहा महिने, बहुतेक दिवस, परीक्षा नसतानाही काळजी आवरत नसेल, सोबत झोप उडणे, चिडचिड, अंग आखडणे असेल, तर ती सामान्य चिंताविकाराची खूण. ‘डोके कोरे पडणे’ हेही त्याच्या निदानातील अधिकृत लक्षण आहे. शाळा मात्र त्यापुढे ‘लक्ष देत नाही’ असा शेरा मारते.

मग घरचा इलाज ठरलेला : आणखी एक शिकवणी, पहाटे चारचा गजर. शिकलेले पक्के बसते ते बरेचसे झोपेत, तीच आपण कापतो. हा इलाज दुखण्याला खतपाणीच घालतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खरे उपचार आहेत, आणि ते लागू पडतात. अमेरिकेत ७ ते १७ वयाच्या ४८८ मुलांवर झालेल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केवळ वर्तन-विचार उपचाराने सुमारे ६० टक्के मुलांत ठळक सुधारणा दिसली, औषध जोडल्यावर ८१ टक्क्यांत. नुसत्या दिखाऊ गोळीने २४ टक्क्यांत. आर. के. पुरमच्या पालकांना एम्स आणि सफदरजंग जवळ आहेत, आणि ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून देशभर चालतो. अंतर रस्त्याचे नसते. ‘लोक काय म्हणतील’चे असते, आणि वसाहतीत सगळे एकाच खात्यातले असले की ते आणखी वाढते.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थ्यांच्या संस्थांना किमान एक पात्र समुपदेशक नेमण्यास सांगितले. नेमणूक कागदावर सोपी. त्या व्यक्तीवर प्रवेशाचे अर्ज आणि वार्षिक संमेलन सोपवायचे नाही, एवढे शाळांनी पाळावे. आणि चाचणीचे गुण घसरलेल्या मुलाच्या पालकांना बोलावण्याआधी त्यालाच विचारावे : झोप लागते का, सकाळी पोटात दुखते का, पेपर हातात आल्यावर नेमके काय होते.