भाड्याची खोली आणि खर्चाची वही

घरातली एखाददुसरी खोली भाड्याने देणारे आमच्या पिढीत बरेच आहेत. मुले बाहेरगावी नाहीतर परदेशी, वरचा मजला मोकळा, पेन्शन बेताची. मग एखादा विद्यार्थी किंवा नोकरी करणारी मुलगी ठेवायची. त्यात गैर काहीच नाही. पण या मंडळींना "खर्च लिहून ठेवता का?" असे विचारले की हमखास उत्तर येते, "छे हो, कशाला? तीस टक्के तर आपोआपच मिळतात!"

ते खरे आहे. भाड्यातून आधी आपण त्या वर्षी प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. २००१ च्या वित्त कायद्याने हा ३० चा आकडा आणला आणि २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही तो कायम आहे. समजा खोलीचे भाडे महिना ६,००० रुपये, म्हणजे वर्षाचे ७२,०००. घराची घरपट्टी ९,००० आणि घराचा तिसरा हिस्सा भाड्याने दिलेला, तर ३,००० वजा. (आपण राहतो त्या भागाची घरपट्टी यात घुसडायची नाही बरं का!) राहिले ६९,०००. त्याचे ३० टक्के २०,७००. करासाठी धरायचे ४८,३००. नळ बदलला, रंग दिला, एजंटला पैसे दिले, करारनाम्याची नोंदणी केली, यातले काहीही वेगळे मागता येत नाही. दोन हजार खर्च झाले तरी २०,७०० आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला साठ हजार गेले तरी तेवढेच. हा सरासरीचा न्याय आहे. मला तो मान्य आहे, कारण दर नळाची पावती आयकर खात्याला दाखवत बसण्यापेक्षा हे बरे.

पण सरकार विचारत नाही म्हणून आपणही विचारू नये, हे मला पटत नाही. भाडे हातात आले की ते सगळे उत्पन्नच वाटते आणि खर्चून टाकले जाते. भिंतीला ओल आली की मग मुलांना फोन! वहीत पाच वर्षांचे आकडे असतील तर खोली खरोखर किती कमावते ते दिसते. काही घरांत ती काहीच कमावत नाही, फक्त सोबत मिळते. तीही हवीच असते म्हणा, पण ती तशी ठाऊक असावी.

दुसरे म्हणजे भावंडे. वडिलोपार्जित घर तिघांच्या नावावर, राहतो एक, भाडे घेतो तोच, कौले बदलतो तोही तोच. पंधरा वर्षांनी वाटणीची वेळ आली की "तू भाडे खाल्लेस" आणि "मी घर राखले" असे दोन सूर लागतात. दोघेही खरे बोलत असतात आणि कागद कुणाकडेच नसतो. अशी घरे मी पाहिली आहेत, तुम्हीही पाहिली असतील.

आणखी एक. खोलीला नवे न्हाणीघर जोडले तर तो खर्च भाड्यातून वजा होत नाही, पण पुढे घर विकताना भांडवली नफा काढताना घरात केलेली सुधारणा म्हणून धरता येतो. पावती हवी मात्र. ती तुमच्या नाही, मुलांच्या उपयोगी पडेल.

जेवणाखाणासह ठेवत असाल तर गोष्ट वेगळी. डब्याचे पैसे म्हणजे भाडे नव्हे, त्यावर ३० टक्क्यांचा नियम चालत नाही. तिथे किराणा, गॅस, स्वयंपाकाच्या बाई असा खरा खर्चच दाखवावा लागतो, म्हणून खोलीचे आणि जेवणाचे पैसे पहिल्यापासून वेगळे लिहावेत. विजेसाठी सबमीटर लावून घ्या आणि रीडिंग दर महिन्याच्या १ तारखेला, भाडेकरूच्या देखत घ्या.