शतकं मोजता, मग कधी काढली तेही बघा!

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये अजिंक्य रहाणेचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं: "चांगला आहे रे, पण मॅचविनर नाही."

का नाही म्हणे? संगमनेर तालुक्यातलं आश्वी खुर्द त्याचं जन्मगाव. ८५ कसोटींत १२ शतकं, आणि शतक ठोकलेली एकही कसोटी भारत हरलेला नाही. सहा कसोटींत कप्तान: चार जिंकल्या, दोन अनिर्णित. सरासरी ३८च आहे, मान्य. पण डिसेंबर २०२०मध्ये अॅडलेडला ३६ धावांत गाशा गुंडाळला, कोहली घरी परतला, तेव्हा मेलबर्नला ११२ कोणी काढल्या? जानेवारी २०२१मध्ये मालिका २-१ जिंकली ती याच्याच कप्तानीखाली. सरासरीत हे कुठे दिसतं?

अमेरिकन फुटबॉलमध्ये पंटर नावाचा गडी असतो. आपल्या संघाची चाल अडली की हा येतो, चेंडू लाथेने लांब उडवतो आणि समोरच्याला पार मागून सुरुवात करायला लावतो. गुण शून्य! रे गाय हा असाच पंटर, १९८६पर्यंत खेळला. निव्वळ पंटर म्हणून हॉल ऑफ फेममध्ये जाणारा तो पहिलाच, पण त्यासाठी २०१४ उजाडावं लागलं.

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? डेमो देणाऱ्याला टाळ्या. रात्री दोन वाजता बंद पडलेला सर्व्हर उठवणारा मात्र अप्रेझलमध्ये "मीट्स एक्स्पेक्टेशन्स"! संकटात उभं राहणं हे कौशल्य आहे राव, नुसता चांगला स्वभाव नव्हे. त्याचे मार्क वेगळे द्या.